लाखोळी : नामविचार, दूषण व बीजपरंपरा

(१)

गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख. वैनगंगेच्या पूर्वेकडील या भागांत मालगुजारी तलावांखालीं धानाच्या बांध्या पसरलेल्या आहेत. धान कापणीस येण्यापूर्वीं दहा-पंधरा दिवस, बांधींतील ओल हाताशीं असतांनाच, उभ्या धानांत दुसऱ्या पिकाचें बीं फेकण्याची रीति येथें पूर्वापार चालत आली आहे. तीस उतेरा म्हणतात. या रीतींत वेगळी नांगरट नाहीं, खत नाहीं, पाणीही नाहीं. धान कापून नेल्यावर त्याच्या खुंटांमधून जी हिरवी वेल वर येते ती पुष्कळदां लाखोळीची असते. तिचा कोंवळा पाला भाजीस, दाणा डाळीस व बेसनास, आणि भुसा गुरांस उपयोगीं पडतो. लाख, लाखोरी, लाखोळी अशीं तिचीं नांवें वैनगंगेच्या खोऱ्यांत ऐकूं येतात. पलीकडे छत्तीसगडांत तिलाच तिवरा व उत्तर हिंदुस्थानांत खेसारी म्हणतात.

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या पत्रांत एका कडधान्याचा विचार कशासाठीं, अशी शंका कांहीं वाचक घेतील. तिचें उत्तर असें कीं, हें धान्य आमच्या जुन्या ग्रंथांत आहे, दुष्काळाच्या अहवालांत आहे, कायद्यांत आहे, आणि अलीकडे जीवशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंतही आहे. परंतु या चारही ठिकाणच्या नोंदी एकत्र वाचण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. तसा प्रयत्न केला म्हणजे दोन गोष्टी दिसून येतात. पहिली ही कीं, लाखोळीवर आलेलें दूषण खरें असलें तरी तें अपुरें वाचलें गेलें आहे. दुसरी ही कीं, पिकाचें बीं ही हस्तलिखितासारखीच परंपरेनें उतरत आलेली वस्तु असून, ज्या बियाच्या पाठीशीं गांवाचें नांव, वाणाचें नांव व वापराची माहिती नाहीं तें कितीही जपून ठेवलें तरी पुष्पिका हरवलेल्या पोथीप्रमाणें अर्धें मुकें राहतें. हें दुसरें विधान आमच्या संग्राहक वाचकांस विशेष उद्देशून आहे.

आरंभीं एक सूचना करणें अवश्य आहे. सध्यांचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. यास्तव या मुलुखाविषयींचे इंग्रजी अमदानींतील कागद भंडारा या नांवाखालीं, आणि त्याच्या मागचे नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरांत शोधावे लागतात. 'गोंदिया' हें नांव धरून शोध करणारास बहुधा रेल्वेच्या जंक्शनापलीकडे कांहींच हातीं लागत नाहीं.

(२)

प्रथम नामविचार. अमरकोशाच्या वैश्यवर्गांत कलाय, सतीनक, हरेणु व खण्डिक हे शब्द एकाच धान्याचे पर्याय म्हणून आलेले आहेत, आणि त्यांचा अर्थ 'वाटाणा' असा सांगण्याची रूढि आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्र मात्र आपल्या भावप्रकाशाच्या धान्यवर्गांत येथें दोन धान्यें वेगळीं करतो. कलाय तें वर्तुळाकार, असें सांगून तो सतीन व हरेणु यांची जोड त्याच्याशींच ठेवतो. परंतु खण्डिक हा शब्द तेथून उचलून 'त्रिपुट' नांवाच्या दुसऱ्या धान्यास देतो. हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. वाटाण्याचा व लाखोळीचा दाणा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. वाटाणा सर्व बाजूंनीं गोल. लाखोळीचा दाणा पाचरीसारखा, बाजू दबलेला व कोन असलेला. 'वर्तुळ' व 'त्रिपुट' हीं विशेषणें कोणी तरी दाणा तळहातावर घेऊन लिहिलीं आहेत हें उघड आहे. त्रिपुटाच्या गुणदोषांत भावमिश्र लंगडेपणा व पांगळेपणा यांचाही उल्लेख करतो. यावरून त्रिपुट म्हणजे लाखोळीच, याविषयीं संशय उरत नाहीं.

यापुढें एक कूट राहतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, वातव्याधींच्या अध्यायांत, कलायखञ्ज नांवाचा विकार वर्णिलेला आहे. चालावयास आरंभ करतांना रोगी कांपतो, लंगडत जातो, सांध्यांची बळकटी नाहींशी होते, अशीं लक्षणें तेथें आहेत. आतां कलाय म्हणजे निव्वळ वाटाणा असता तर रोगास हें नांव कां पडावें? वाटाणा खाऊन असा विकार होत नाहीं. यावरून असें अनुमान करण्यास जागा आहे कीं, प्राचीन काळीं 'कलाय' शब्दाची व्याप्ति मोठी होती व तींत लाखोळीही येत होती. पुढें अनुभवानें हें दुष्ट धान्य निराळें ओळखलें गेलें आणि त्यास त्रिपुट हें स्वतंत्र नांव मिळालें. नांवाचें वेगळें होणें हें येथें ज्ञान वाढल्याचें चिन्ह आहे. छत्तीसगडी तिवरा व बुंदेलखंडी तिवडा हे शब्दही त्रिपुट याच शब्दापासून निघाले असणें संभवनीय आहे. मधल्या पकाराचा लोप व टकाराचा डकार हे प्राकृतांतील नेहमींचेच विकार होत.

धान्य मात्र ग्रंथांहून पुष्कळ जुनें आहे. नर्मदातीरीं महेश्वरासमोर नावडातोली येथें १९५२-५३ व १९५७-५९ या सालीं जें उत्खनन झालें, त्यांत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकांतील वस्तीच्या थरांतून जळके दाणे मिळाले; त्यांत गहूं, मसूर, मूग इत्यादिकांबरोबर लाखोळीही ओळखली गेली आहे.

नांवावर विसंबून धान्य ठरवूं नये याचें दुसरें उदाहरण येथेंच देऊन ठेवतों, कारण त्याचा पुढें उपयोग आहे. संस्कृत ग्रंथांत 'राजमाष' हा शब्द आला कीं अलीकडचे कित्येक भाषांतरकार तेथें 'राजमा' लिहून मोकळे होतात. भावमिश्रानें राजमाषाचे पर्याय दिले आहेत त्यांत 'चवल' हा शब्द आहे. तेव्हां राजमाष म्हणजे आपली चवळी, जीस वैदर्भ लोक बरबटी म्हणतात. राजमा, किंवा ज्यास आपण घेवडा म्हणतों त्या जातीचा दाणा, अमेरिका खंडांतील आहे. १४९२ नंतर युरोपीय लोकांच्या जहाजांनीं तो जुन्या जगांत आणला. म्हणून सोळाव्या शतकापूर्वींच्या कोणत्याही ग्रंथांत राजमा सांपडणें शक्य नाहीं, आणि सांपडल्याचें कोणी सांगितल्यास दोष ग्रंथाचा नसून वाचणाराचा समजावा. सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्याचा वाघ्या घेवडा, ज्यास २०१६ सालीं भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें, तोही मूळचा याच परदेशी कुळांतील. चारशें वर्षांच्या आंतबाहेर तो इतका घरचा झाला कीं त्याचें परकेपण कोणास आठवतही नाहीं.

(३)

आतां मोडी कागद वाचणारांसाठीं थोडें. गोंदियाच्या मुलुखांत 'लाख' या एकाच अक्षरसमूहाचे तीन अर्थ संभवतात. एक, संख्या. दुसरा, पळस व कुसुम या झाडांवर किडे जी लाख करतात ती. हा मुलूख जंगलाचा असल्यानें ती येथील जुनी वनोपज आहे. तिसरा, आमचें हें कडधान्य. वहींत, खंडाच्या यादींत किंवा घरखर्चाच्या फर्दींत नुसतें 'लाख' असें लिहिलेलें आढळल्यास कोणता अर्थ घ्यावयाचा?

केवळ मापावरून हा निर्णय होत नाहीं, कारण मण हें माप कोठें वजनाचें तर कोठें भरतीचें असतें. तरीही खंडी-पायलीचा हिशेब असेल तर कडधान्याकडे, आणि शेर-छटाकाचा असेल तर वनोपजेकडे आपला कल असावा. याहून चांगलें गमक म्हणजे शेजारचे शब्द. जी लाख जवस, हरभरा व वाटाणा यांच्या ओळींत येते ती शेतांतली. जी मोह, डिंक व हिरडा यांच्या सोबतीनें येते ती रानांतली. तिसरें गमक मितीचें. उतेऱ्याचें पीक माघ-फाल्गुनांत काढणीस येतें. पळसावरची लाख वैशाखानंतर व पुन्हा कार्तिकाच्या सुमारास उतरवितात. फाल्गुनांतल्या खळ्याच्या नोंदींत 'लाख' आढळली तर ती डाळ समजण्यास हरकत नसावी. हीं तीनही गमकें एका बाजूस पडलीं म्हणजेच वाचन कायम करावें. एकट्यावर भिस्त ठेवूं नये.

ही चिकित्सा क्षुल्लक वाटेल, परंतु तिच्यावर पुष्कळ अवलंबून आहे. एखाद्या गांवीं शेतमजुरांस सालभर काय धान्य मिळत होतें, दुष्काळांत तें किती बदललें, हें समजल्याखेरीज लाखोळीच्या दूषणाचा निकाल लागत नाहीं. आणि तें समजण्याचें साधन म्हणजे असल्याच वह्या.

(४)

दूषणाची हकीकत आतां सांगतों. इंग्रजी अमदानींतील पहिला सविस्तर वृत्तांत कर्नल स्लीमन याचा. १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत सागरकडील खेड्यांविषयीं तो लिहितो तें असें : १८२९ सालीं गारांनीं गहूं गेला, १८३० सालीं अवर्षणानें कमी आला, १८३१ सालीं तांबेऱ्यासारख्या रोगानें बुडाला. या तीनही वर्षीं गव्हाच्या शेतांतून तिवरा मात्र जोमानें उगवला, आणि लोकांनीं त्यावरच दिवस काढले. १८३३ सालापासून तिशीच्या आंतील तरुण माणसांचे कमरेखालचे अवयव एकाएकीं निकामी होऊं लागले. पुढें अलाहाबाद जिल्ह्यांत डॉक्टर आयर्व्हिंग यानें १८५९ पासून या विकाराचा शोध केला. १८७३ सालीं इटलींतील कांतानी यानें त्यास वनस्पतीच्या शास्त्रीय नांवावरून 'लॅथिरिझम' असें नांव दिलें. आमच्या प्रांतापुरता महत्त्वाचा कागद म्हणजे डॉक्टर ब्युकॅनन याचा मध्यप्रांतांतील या रोगाविषयींचा अहवाल. तो १८९६ ते १९०२ या वर्षांचा असून १९०४ सालीं नागपुरास सरकारी छापखान्यांत छापला गेला. हीं वर्षें कोणतीं हें लक्षांत घ्यावें : १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन घोर दुष्काळ त्यांतच पडले.

हे सर्व वृत्तांत ओळीनें वाचले असतां एक गोष्ट वारंवार डोळ्यांपुढें येते. रोग लाखोळीच्या पाठीमागें येतो, परंतु तो लाखोळी पिकते तेथें सर्वत्र व सर्वकाळ येत नाहीं. दुसरें अन्न नाहींसें होतें तेथें येतो. रेवा संस्थानच्या मुलुखांत शेतावर बांधलेल्या मजुरांस मजुरीच या धान्याच्या रूपानें देण्याची चाल होती, आणि तेथें हा विकार घर करून राहिला. मालक व मजूर एकाच शेताचें पीक खात असतां पांगळा मजूरच होई, कारण मालकाच्या ताटांत गहूं व तांदूळही होते.

याचें कारण रसायनशास्त्रानें पुढें दाखवून दिलें. १९६४ सालीं बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंत राव, आदिग व शर्मा यांनीं लाखोळीच्या दाण्यांतून मज्जातंतूंस बाधक असें द्रव्य वेगळें केलें. त्यास संक्षेपानें ओडॅप म्हणतात. तें पाण्यांत विरघळतें. म्हणून दाणे वा डाळ भरपूर पाण्यांत भिजवून किंवा उकळून तें पाणी टाकून दिल्यास त्याचा पुष्कळ अंश निघून जातो. डाळीबरोबर इतर धान्य, भाजी व ताक असेल आणि डाळीचें प्रमाण माफक असेल तर अपाय सहसा होत नाहीं. परंतु आहाराचा तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक लाखोळीचाच असून असे दोन-तीन महिने सतत गेले म्हणजे धोका उभा राहतो. आणखी असें आढळलें आहे कीं, पिकास पाण्याचा ताण पडला असतां दाण्यांत हें द्रव्य वाढूं शकतें. म्हणजे अवर्षणाच्या वर्षीं गरिबावर दोन्हीकडून संकट : दुसरें अन्न नाहींसें होतें, आणि जें उरतें तें अधिक जहाल असतें. स्लीमनच्या वृत्तांतांतील तीन बुडत्या सालांचा अर्थ येथें उलगडतो.

कायद्यानें मात्र ही सर्व परिस्थिति बाजूस ठेवून धान्यासच आरोपी केलें. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या नियमांत १९६१ सालीं लाखोळीच्या विक्रीस मनाईचें कलम आलें व राज्यांनीं आपापल्या अधिसूचनांनीं तें लागू करावें असें ठरलें. मनाई विक्रीस होती, पेरणीस नव्हती. त्यामुळें विचित्र स्थिति उत्पन्न झाली. शेतकरी पेरी, काढी व घरीं खाई. बाजारांत उघडपणें विकतां येत नसल्यानें भाव पडे. आणि तोच माल तुरीच्या डाळींत किंवा हरभऱ्याच्या बेसनांत मिसळून, नांव बदलून, महाग दरानें शहरांत जाई. जो नियम भेसळ थांबविण्यासाठीं केला त्यानेंच या धान्यास भेसळीखेरीज दुसरी वाट ठेवली नाहीं. महाराष्ट्रांत ही मनाई २००८ सालीं उठली. २०१६ सालीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनें ओडॅप कमी असलेल्या रतन, प्रतीक व महातिवडा या तीन वाणांस अनुकूल मत दिल्याचें प्रसिद्ध झालें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं गोंदिया जिल्ह्याच्या पांच गांवांतील १०५ घरें हिंडून लाखोळीच्या खाण्याची व या विकाराची जी पाहणी केली ती २०१४ सालीं छापून आली. अशी घरोघरची नोंद १८९७ सालीं कोणी केली असती तर आज आम्हांस अनुमानें करीत बसावें लागलें नसतें.

(५)

वरील तीन वाण कोठून आले, हें आतां पाहूं. कारण बीजपरंपरेचा मुद्दा येथून सुरू होतो. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत निवड करून पुसा-२४ हा कमी ओडॅपचा वाण तयार झाला. त्याच्या ऊतींचें कांचपात्रांत संवर्धन करून जीं रोपें मिळालीं त्यांतून रतन निघाला. प्रतीक व महातिवडा हे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषि विश्वविद्यालयाचे. या वाणांत ओडॅपचें प्रमाण शेंकडा ०.१ च्या खालीं असतें. गांवरान बियांत तें याच्या कित्येक पटींनीं असूं शकतें.

परंतु येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, आणि ती पाठचिकित्सकांस लगेच समजेल. लाखोळीचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें, तथापि मधमाशा एका शेताचा पराग दुसऱ्या शेतांत नेतात. गोड वाणाच्या शेजारीं गांवरान पीक असेल तर कांहीं वर्षांत दोहोंची भेसळ होते. उत्तरेची व दक्षिणेची वाचना एकाच लेखकापुढें असल्या म्हणजे तो जशी मिश्र प्रत करून ठेवतो तसेंच हें. तेव्हां 'रतन' अशी चिठ्ठी लावलेलें दहा वर्षांचें घरचें बीं रतनच असेल असें नाहीं.

सुधारणेचा पाया मात्र गांवरान बीजच होय. कमी ओडॅप, रोगास टिकणें, चिबड जमिनींत तग धरणें, अवर्षण सोसणें, हे गुण कोणीही शून्यांतून निर्माण करीत नाहीं. ते कोठल्या तरी बांधींत, कोणाच्या तरी कणगींत आधींच असतात. प्रजननशास्त्रज्ञ ते शोधून काढतो व एकत्र आणतो. ज्या दिवशीं सर्व बांध्यांत एकच सुधारलेला वाण होईल, त्या दिवशीं पुढील सुधारणेचें भांडवल संपलेलें असेल. मुद्रित आवृत्ति निघाली म्हणून हस्तलिखितें रद्दींत घालणारा मनुष्य जसा आपला पायच तोडून घेतो, तसाच हा प्रकार.

(६)

अलीकडे या कामीं एक नवें साधन हातीं आलें आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या सर्व गुणांची मूळ संहिता असते. चारच वर्णांच्या या लिपींतील अखंड संहितेस जनुकसंच म्हणतात. ती आतां वाचतां येते. घेवड्याच्या जातीचा जनुकसंच २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतला एक गांवरान वाण घेतला होता. २०१६ सालीं मध्य अमेरिकेच्या कुळांतील दुसऱ्या वाणाचें वाचनही बाहेर आलें. त्या संहितेंत सुमारे ५८ कोटी ७० लक्ष वर्ण आहेत. या वाचनांनीं जुना तर्क दृढ झाला कीं, घेवडा एकदां नव्हे तर दोनदां, मेक्सिकोंत व अँडीजमध्यें, एकमेकांशीं संबंध नसलेल्या लोकांनीं रानांतून शेतांत आणला. म्हणजे राजमाष-राजम्याचा जो वाद आम्ही वर शब्दांवरून सोडविला, तोच बियाच्या संहितेनें स्वतंत्रपणें निकालांत काढला. दोन निरनिराळीं साधनें एकाच निर्णयास आलीं म्हणजे इतिहासकारास याहून अधिक काय हवें?

घेवडा जगांत मोठ्या मागणीचा. म्हणून त्याच्या बियांचाही सांभाळ मोठा. कोलंबियांतील पाल्मिरा येथील आंतरराष्ट्रीय कोठारांत ही जाति व तिच्या कुळांतील इतर जाती मिळून ३७,००० हून अधिक नमुने आहेत. लाखोळी गरिबांची व बदनाम. तिची पाळी उशिरां आली. शिवाय तिचा ग्रंथही अवजड : घेवड्याच्या सुमारें दहापट, म्हणजे ६३० कोटी वर्णांच्या घरांत, आणि त्यांतील पुष्कळसा भाग पुनरुक्तीचा. तरीही २०२३ सालीं इंग्लंडांतील नॉरिच येथील जॉन इनेस संशोधन केंद्राच्या मंडळींनीं तिचें वाचन प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं हिंदी संशोधकांनीं आमच्या पुसा-२४ चेंही वाचन छापलें. नॉरिचच्या लेखांतील महत्त्वाचा निष्कर्ष असा कीं, ओडॅप घडविणारीं दोन विकरें एकमेकांस धरून काम करतात. रोगाचा कारखाना कोठें आहे हें सांपडलें; आतां तो मंद कसा करावा हा पुढचा उद्योग.

या वाचनाची योग्यता आमच्या वाचकांस महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीवरून कळेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेलें तें कार्य १९६६ सालीं पूर्ण झालें. तींत छापलेल्या संहितेइतकेंच मोल खालच्या पाठभेदांचें आहे, आणि पाठभेदांचें मोल ती ती पोथी कोठली, कोणत्या लिपींतली, केव्हांची, हें माहीत असल्यामुळेंच आहे. जनुकसंच ही वर छापलेली संहिता. गांवोगांवचे वाण हे पाठभेद. संहिता एकदां हातीं आल्यावर पाठभेद जमविण्याचें काम संपत नाहीं. खरें पाहतां तें तेव्हांच फलदायी होऊं लागतें.

(७)

बियांचीं ग्रंथालयें आहेत. आपल्या देशांत नवी दिल्ली येथें १९७६ पासून राष्ट्रीय पादप आनुवंशिक संपदा ब्यूरो हें काम करीत आहे. परंतु कोठारेंही जळतात, लुटलीं जातात. सीरियांत आलेप्पोजवळ रुक्ष प्रदेशांच्या शेतीचें जें आंतरराष्ट्रीय केंद्र होतें, त्याच्या कोठारांत लाखोळीचा मोठा संग्रह होता. यादवी युद्धामुळें तें केंद्र सोडावें लागलें. सुदैवानें त्याच्या दुय्यम प्रती उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार येथील, २००८ सालीं उघडलेल्या, हिमगुहेंत ठेवलेल्या होत्या. २०१५ सालीं त्या बाहेर काढून लेबनान व मोरोक्को येथें पेरल्या गेल्या आणि संग्रह पुन्हा उभा राहिला. त्यांत लाखोळीही होती. त्या गुहेंतून ठेव परत घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. ज्या संग्राहकांजवळ एकमेव पोथ्या आहेत व ज्यांनीं त्यांची नक्कल अद्याप करविलेली नाहीं, त्यांनीं या हकीकतीचा आपल्यापुरताही विचार करावा.

परंतु बीं वांचलें म्हणजे सर्व वांचलें असें नव्हे. कोठारांतील नमुन्यावर जर नुसता अनुक्रमांक व 'भंडारा' एवढीच अक्षरें असतील, तर त्यावरून तो तलावाच्या पाळीखालच्या भारी जमिनींतला कीं टेकाडावरच्या बरड बांधींतला, भाजीसाठीं राखलेला कीं डाळीसाठीं, दुष्काळांत टिकलेला कीं सुकाळांत वाढलेला, यांतील कांहींच कळत नाहीं. ही माहिती संहितेंत लिहिलेली नसते. ती माणसांच्या तोंडीं असते, आणि ती माणसें वृद्ध होत चाललीं आहेत. विक्रीच्या मनाईच्या अर्ध्या शतकांत हें धान्य घरांत असूनही त्याचें नांव उघड घेण्याचा संकोच पडला. त्यामुळें त्याच्या वाणांचीं नांवें लिहून ठेवण्याची बुद्धि कोणास झाली नाहीं. हीच खरी हानि. विष कमी करतां येतें. विसरलेलें नांव परत आणतां येत नाहीं.

म्हणून गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांत कागदपत्रांच्या शोधार्थ फिरणाऱ्या आमच्या सभासदांस विनंति कीं, ज्या वाड्यांत वा घरांत वह्या पाहावयास मिळतात तेथें कणगीकडेही एकदां पाहावें. जुन्या घरचें बीं असेल तर मूठभर मागून घ्यावें, आणि त्याबरोबर पुढील गोष्टी त्याच दिवशीं टिपाव्या : गांव व बांधीचें स्थानिक नांव, घरच्या मंडळींनीं त्या वाणास दिलेलें नांव, दाण्याचा रंग व आकार, तें त्या घरीं किती पिढ्यांचें आहे याविषयींची सांगी, आणि डाळ शिजवितांना पहिलें पाणी टाकून देतात कीं नाहीं. हा शेवटचा प्रश्न घरांतील वृद्ध बायकांस विचारावा. त्यांचें उत्तर शास्त्रास उपयोगी आहे व पुरुषांस तें बहुधा ठाऊक नसतें. बीं जवळच्या कृषि महाविद्यालयाच्या द्वारें राष्ट्रीय कोठाराकडे जावें. टिपणाची एक प्रत बियाबरोबर, एक आपल्या मंडळाच्या दप्तरीं असावी. वह्यांतील 'लाख' या नोंदी वरील तीन गमकांनीं पारखून त्यांचीही यादी करावी.

सुश्रुतानें रोगाचें नांव लिहून ठेवलें, भावमिश्रानें धान्यांतला भेद लिहून ठेवला, स्लीमननें तीन सालांचा क्रम लिहून ठेवला. त्या लिहिण्यामुळेंच आज लाखोळीची बाजू नीट मांडतां येते. आपल्या हातून तेवढें टिपण झालें तरी या पिकाचा व त्यावर जगलेल्या माणसांचा इतिहास पुढच्या शोधकास आयता मिळेल.